बारावीचा सॉफ्टवेअर प्रोजेक्ट तिघांनी मिळून खरंच कसा करायचा?

सीबीएसईमधून बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं की वर्षाच्या शेवटी एक प्रोजेक्ट द्यावा लागतो. दोघातिघांची टीम, पायथनमधला प्रोग्रॅम, मागे मायएसक्यूएलचा डेटाबेस किंवा साध्या फाईल्स, आणि सोबत स्पायरल बाइंडिंग केलेली जाडजूड फाईल. पुढे बहुतेक वर्गांत काय होतं तेही तुम्ही पाहिलं असेल. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो सगळा कोड लिहितो. 'तुझं अक्षर छान आहे' म्हणून टीममधल्या मुलीकडे फाईल आणि पीपीटी जाते. तिसरा प्रिंटचे पैसे भरतो. आणि काही टीम्स तर तेवढंही करत नाहीत, नेटवरून 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' उतरवतात आणि वरचं नाव बदलतात.

मार्क मिळून जातात, तो प्रश्नच नाही. पण तिघांपैकी दोघं इंजिनिअरिंगला जातात ते दहा ओळींच्या पुढचा प्रोग्रॅम कधी स्वतः न लिहिता. आणि जो एकटा सगळं करतो तोही एक महत्त्वाची गोष्ट शिकत नाही: दुसऱ्याच्या कोडला आपला कोड जोडणं. मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, आणि माझ्या दिवसातला मोठा भाग नेमका यातच जातो. नवा कोड लिहिण्यात कमी, दुसऱ्याचा वाचण्यात आणि जोडण्यात जास्त. म्हणून हा लेख, विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या सर-मॅडमसाठीही. उदाहरण सीबीएसईचं घेतलंय, पण स्टेट बोर्डाच्या ज्युनिअर कॉलेजात किंवा शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये टीमने सॉफ्टवेअर बनवत असाल तरी यातलं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

कॅपस्टोन प्रोजेक्ट म्हणजे काय?

कॅपस्टोन म्हणजे भिंतीच्या माथ्यावर बसवतात तो शेवटचा दगड. अभ्यासक्रमात या शब्दाचा अर्थ असा, की वर्षभर तुकड्यातुकड्याने जे शिकलात ते सगळं एकाच कामात वापरायचं. बारावीच्या बाबतीत फंक्शन, फाईल हँडलिंग, एसक्यूएल आणि पायथनमधून डेटाबेसला जोडणं. प्रत्येकावर सुटा प्रश्न नाही, सगळं मिळून एक चालणारी वस्तू.

सीबीएसईचा अभ्यासक्रम याबद्दल बऱ्यापैकी स्पष्ट आहे, फक्त तो कुणी वाचत नाही. त्यात म्हटलंय की प्रोजेक्ट दोन ते तीन जणांच्या गटाने करावा, जमा करायच्या तारखेच्या किमान ६ महिने आधी सुरू करावा, आणि खरी अडचण शोधण्यासाठी आसपासच्या दुकानदार-व्यावसायिकांना जाऊन विचारावं. जीएसटीची बिलं बनवण्याचं उदाहरणही दिलंय. मार्कांचं म्हणाल तर प्रॅक्टिकलच्या ३० पैकी प्रोजेक्टला ८, प्रॅक्टिकल फाईलला ७ आणि व्हायव्हाला ३. उरलेले १२ लॅब टेस्टचे.

तिघंच का?

फ्रेड ब्रूक्स नावाच्या इंजिनिअरने १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. त्यातला सगळ्यात गाजलेला मुद्दा असा, की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये आणखी माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो. कारण सोपं आहे. तिघांची टीम असेल तर आपापसात बोलायच्या जोड्या ३. पाच जण झाले की १०, सहा जण झाले की १५. म्हणजे माणसं दुप्पट केली तर समन्वय पाचपट. शाळेत आठवड्याला लॅबचे दोनचार तास मिळतात, त्यात १५ जोड्यांचं बोलणं होत नाही, म्हणून तीन ठीक.

टीम कुणी ठरवायची यावर मात्र माझं मत थोडं कडक आहे. विद्यार्थ्यांवर सोडलं तर तीन हुशार एकत्र बसतात आणि मागच्या बाकावरचे तीन एकत्र उरतात. सरांनी एवढं तरी बघावं, की प्रत्येक टीममध्ये घरी कॉम्प्युटर असलेला एकजण आहे आणि तिघांच्या रिकाम्या वेळा थोड्या तरी जुळतात. क्लासच्या बॅच वेगवेगळ्या असलेली टीम दिवाळीनंतर भेटतच नाही.

विषय: अडचण असलेला माणूस आधी शोधा

'हॉस्पिटल मॅनेजमेंट' घेऊ नका. तुमच्यापैकी कुणी हॉस्पिटल चालवलेलं नाही, त्यामुळे नियम काय असतात तेच माहीत नसतं आणि प्रोग्रॅम म्हणजे नाव, वय, आजार अशी वही होऊन बसतो. त्यापेक्षा गल्लीतली मेस घ्या. महिन्याचे पैसे ठरलेले, मध्ये सुट्टी घेतली की त्या दिवसांचा खाडा, महिनाअखेर हिशोब. आपल्याकडे दूधवाल्याचा आणि मेसचा खाडा सगळ्यांनाच माहीत असतो, म्हणून हेच उदाहरण शेवटपर्यंत वापरू.

मेसवाल्या काकूंकडे जा, वही पाहायला मागा आणि विचारा. एक दिवसाचा खाडा धरता का? समजा त्या म्हणाल्या, 'सलग तीन दिवस असेल तरच धरते.' ठीक, हा पहिला नियम. दिवसाचा दर कसा काढता? ३००० भागिले ३०, मग फेब्रुवारी असो की मार्च? हा दुसरा. आदल्या दिवशी सांगितलं नाही तर? हा तिसरा. अशा दहाबारा प्रश्नांची उत्तरं दोन पानांवर लिहून काढली की प्रोजेक्टचं निम्मं अवघड काम झालं. कोडमधल्या चुकांपेक्षा 'हे कधी विचारलंच नाही' यामुळे जास्त प्रोजेक्ट फसतात.

आणि या भेटीला तिघंही जा. एकानेच जाऊन व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकल्या की बाकी दोघांना ती अडचण कधी आपली वाटत नाही.

काम वाटायची चुकीची पद्धत आणि बरी पद्धत

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

नेहमीची वाटणी अशी असते: एकाकडे पायथन, एकीकडे डेटाबेस, एकाकडे फाईल आणि पीपीटी. दिसायला व्यवस्थित. पण यात पायथनवाला डेटाबेसवालीची वाट बघतो, ती एका दिवसात चार टेबल बनवून मोकळी होते आणि पुढचे चार महिने तिला काम नाही. फाईलवाल्याला तर शेवटच्या आठवड्यापर्यंत लिहायलाच काही नसतं. शेवटी सगळा भार एकावर, आणि आपण म्हणतो की बाकीचे आळशी आहेत. बऱ्याचदा ते आळशी नसतात, वाटणीतच त्यांना काम दिलेलं नसतं.

बरी पद्धत म्हणजे उभे काप. केक कापताना वरचं क्रीम एकाला आणि खालचा ब्रेड दुसऱ्याला असं करत नाही, प्रत्येकाला सगळे थर येतात. तसंच इथे. मेसच्या प्रोजेक्टचे तीन काप असे होतील. पहिला, सभासद: नवीन नोंद, बदल, यादी. दुसरा, खाडा: कधीपासून कधीपर्यंत, नियमात बसतो का, किती दिवस. तिसरा, बिल आणि जमा: महिन्याचं बिल, कुणी किती भरले, बाकी किती.

प्रत्येकजण आपल्या कापाचं टेबल बनवतो, त्याच्या क्वेरी लिहितो, पायथनची फंक्शन्स लिहितो, मेनूतला आपला पर्याय लिहितो आणि फाईलमधली आपली पानंही स्वतःच लिहितो. फाईल हे वेगळं खातं नाही. ज्याने कोड लिहिला त्यालाच तो दोन परिच्छेदात समजावता आला पाहिजे.

तिन्ही काप सारख्या वजनाचे नसतात हे खरं. इथे सभासदांचा भाग सोपा आहे, खाड्याचा सगळ्यात डोकेदुखीचा. म्हणून जो सभासद घेईल त्याच्याकडे डेटा तपासणं द्या, म्हणजे फोन नंबर दहा अंकी आहे का, तारीख चुकीची टाकली तर प्रोग्रॅम बंद पडतो का, वगैरे. सोपा भाग हुशार मुलाला आणि अवघड भाग घाबरणाऱ्याला, असं मुद्दाम करायलाही हरकत नाही, फक्त तेव्हा दोघांनी एका कॉम्प्युटरवर बसायचं. याला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. एकजण कीबोर्डवर, दुसरा शेजारी बसून बघतो, विचारतो, चुका पकडतो, आणि दर पंधरावीस मिनिटांनी जागा बदलतात. नियम एकच: ज्याला जास्त येतं त्याने कीबोर्ड हिसकावायचा नाही. लॅबमध्ये तसेही दोघांत एक कॉम्प्युटर असतो, तेव्हा अडचणीचाच फायदा करून घ्या.

जोडणी शेवटी करू नका, पहिल्याच महिन्यात करा

तीन जणांनी तीन महिने आपापलं लिहिलं आणि डिसेंबरात जोडायला बसले, की हमखास रडारड. एकाने तारीख मजकूर म्हणून ठेवलेली असते, दुसऱ्याने खरीखुरी तारीख म्हणून. एकाच्या टेबलमध्ये सभासद क्रमांक आहे, दुसऱ्याच्यात फक्त नाव. आणि मेसमध्ये दोन रोहित असतातच.

कंपन्यांमध्ये यावर उपाय म्हणून आधी एक चालता सांगाडा उभा करतात. म्हणजे मेनू येतो, तिन्ही पर्याय दिसतात, प्रत्येक पर्याय काहीतरी दाखवतो, जरी ते खोटं असलं तरी. समजा बिलाच्या फंक्शनला खाड्याचे दिवस लागतात. खाड्याचं फंक्शन अजून लिहिलेलंच नाही. मग तिघांनी बसून कागदावर ठरवायचं: या फंक्शनला सभासद क्रमांक, महिना आणि वर्ष द्यायचं, ते दिवसांची संख्या परत देणार, पूर्णांकात. आणि तूर्तास ते नेहमी ० परत देईल, एवढी एकच ओळ. बिलवाला आजपासून काम सुरू करू शकतो. खाडावाली तिचं खरं फंक्शन लिहील तेव्हा ते त्याच जागी बसेल, बिलवाल्याला एक ओळही बदलावी लागणार नाही.

हा कागद लॅबच्या वहीत चिकटवा. त्यात बदल करायचा असेल तर तिघांसमोर.

हे लवकर केल्याने काय वाचतं ते बघा. काकूंचा नियम: सलग तीन दिवस असेल तरच खाडा. एका मुलाने ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी सुट्टी घेतली. सलग तीन दिवस आहेत, नियमात बसतं. जानेवारीच्या बिलात १ दिवस वजा, फेब्रुवारीच्या बिलात २. पण जर प्रोग्रॅमने आधी महिन्याप्रमाणे दिवस वेगळे केले आणि मग तीनचा नियम तपासला, तर जानेवारीत १ दिवस, तीनपेक्षा कमी, म्हणून ०. फेब्रुवारीत २ दिवस, पुन्हा ०. रोजचे १०० धरले तर त्या मुलाचे ३०० रुपये बुडाले आणि तो काकूंशी भांडायला आला. दोन्ही फंक्शन्स एकेकटी बरोबर वाटतात, चूक फक्त त्यांच्या क्रमात आहे. नियम पूर्ण खाड्यावर आधी तपासायचा, दिवस नंतर वाटायचे. अशी चूक जोडल्याशिवाय सापडत नाही, आणि सप्टेंबरात सापडली तर मजा आहे, परीक्षेच्या आदल्या दिवशी सापडली तर नाही.

म्हणून तपासायची उदाहरणं आधीच लिहून ठेवा, कोडच्या आधी. २८ जानेवारी ते ३ फेब्रुवारी: जानेवारीत ४, फेब्रुवारीत ३. एकच दिवस: ०. 'पर्यंत'ची तारीख 'पासून'च्या आधीची: प्रोग्रॅमने नाही म्हणायला हवं. अशी दहा उदाहरणं हाताने सोडवून ठेवली की दर आठवड्याला तीच चालवून बघायची.

मायएसक्यूएल जोडताना आणखी तीन गोष्टी हटकून अडवतात. पहिली, कमिट. पायथनच्या मायएसक्यूएल कनेक्टरमध्ये नोंद टाकल्यावर कमिट केलं नाही तर ती कायमची साठवली जात नाही. गंमत म्हणजे तुमच्या चालू प्रोग्रॅममध्ये ती दिसते, त्यामुळे तुम्ही शपथेवर सांगता की माझं चालतंय, आणि शेजारच्याला टेबल रिकामं दिसतं. दुसरी, पासवर्ड. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर मायएसक्यूएलचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो कोडमध्ये पाच ठिकाणी लिहिलेला असतो. तो एका वेगळ्या छोट्या फाईलमध्ये ठेवा, ज्याची त्याची वेगळी. तिसरी आपल्या कामाची: नावं मराठीत साठवायची असतील आणि प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर डेटाबेसचं कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ एमबी-४ आहे का बघा. मायएसक्यूएल ८ मध्ये ते आपोआप असतं, लॅबमध्ये जुनं व्हर्जन असेल तर टेबल बनवतानाच सांगावं लागतं.

कोड एकमेकांकडे कसा पाठवायचा?

व्हॉट्सॲपवर झिप पाठवणं बंद करा. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच' अशा फाईल्स झाल्या की कुणाचा कोड कुठे हरवला ते देवालाही सांगता येत नाही.

यासाठी गिट आहे. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते बनवलं. गिट तुमच्या फोल्डरचा पूर्ण इतिहास ठेवतं: कुणी, कधी, कोणती ओळ बदलली. गिटहब ही त्यावर चालणारी वेबसाईट, २००८ पासूनची, जिथे तो फोल्डर सगळ्यांना मिळतो. वय १३ पूर्ण असेल तर खातं उघडता येतं. तिघांच्या टीमला ब्रँच वगैरे शिकायची सुरुवातीला गरज नाही. बसल्यावर आधी पुल, म्हणजे दुसऱ्यांचे बदल घ्या. छोटं काम झालं की कमिट. उठताना पुश. एवढ्यावर सहा महिने निघतात.

दोघांनी एकाच फाईलमधली एकच ओळ बदलली तर गिट थांबतं आणि विचारतं, यातलं कुठलं ठेवू? याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. घाबरायचं काही नाही, दोघांनी शेजारी बसून ठरवायचं. ते कमी यावेत म्हणून तीन कापांच्या तीन वेगळ्या फाईल्स ठेवा आणि मेनूची चौथी, अगदी लहान, जी फक्त बाकीच्यांना हाक मारते.

सर-मॅडमसाठी एक सूचना. लॅबच्या कॉम्प्युटरवर गिट आधीच्या विद्यार्थ्याचं नाव लक्षात ठेवतं. ते बदललं नाही तर तिघांचं काम एकाच्याच नावावर दिसतं आणि नंतर नाहक वाद होतात. पहिल्या तासाला प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये नाव तपासायला लावा. आणि इतिहासातल्या ओळी मोजून मार्क देऊ नका. पेअरमध्ये बसलेल्या दोघांपैकी नाव एकाचंच येतं, आणि नुसत्या रिकाम्या जागा नीट करूनही शंभर ओळी बदललेल्या दिसतात. इतिहास वाचायचा तो प्रश्न विचारण्यासाठी.

लॅबमध्ये इंटरनेट नसेल तर? मग एक पेनड्राईव्ह, एक वही. मूळ प्रत फक्त पेनड्राईव्हवर, दर आठवड्याला तिची जबाबदारी फिरती, आणि कुणी काय बदललं ते वहीत तारखेसह. गिटच्या मानाने अगदी बाळबोध, पण झिपच्या गोंधळापेक्षा कितीतरी बरं.

घरी फक्त मोबाईल असेल तर

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. अँड्रॉइडवर पायड्रॉइड ३ नावाच्या ॲपमध्ये पायथन चालतं, ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब चालतं. मायएसक्यूएल मोबाईलवर बसवायची उठाठेव करू नका. पायथनसोबत एसक्यूलाइट आपोआप येतं. तो एका फाईलमधला छोटा डेटाबेस आहे, वेगळा सर्व्हर लागत नाही. सराव त्यावर करा. क्वेरी बऱ्याचशा सारख्याच, ठळक फरक म्हणजे बाहेरून येणाऱ्या किमतीच्या जागी मायएसक्यूएल कनेक्टरमध्ये टक्का आणि एस लिहितात, तर इथे प्रश्नचिन्ह.

पण खरं सांगू? मोबाईलवर शंभर ओळी टाइप करणं त्रासाचं आहे. मोबाईलवाल्याने घरी करायचं काम वेगळं असू शकतं: तपासणीची उदाहरणं लिहिणं, गिटहबवर दुसऱ्याचा कोड वाचून शंका काढणं, कागदावर फंक्शन लिहून आणणं. मग लॅबच्या तासाला कीबोर्ड आधी त्याच्याकडे. हा नियम सरांनी केला तरच पाळला जातो, कारण ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याला लॅबच्या तासाची तेवढी गरज नसते. अमेरिकेत कॉलेज बोर्डाच्या एपी कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स या विषयात अशाच एका कामासाठी वर्गातले किमान ९ तास राखून ठेवावे लागतात. प्रोजेक्ट 'घरून करून आणा' म्हटलं की मार्क घरातल्या सामानाला मिळतात.

वेळेचं गणित

प्रॅक्टिकल साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे जुलैत टीम आणि विषय, ऑगस्टमध्ये चालता सांगाडा, गणपतीच्या सुट्टीनंतर खरी फंक्शन्स, दिवाळीपर्यंत तिन्ही काप पुरे. दिवाळीनंतर नवीन काही घालायचं नाही, फक्त दुरुस्ती. डिसेंबरात प्री-बोर्ड आणि जेईई-सीईटीचे क्लास, तेव्हा प्रोजेक्टकडे कुणी बघत नाही, हे गृहीतच धरा.

मधल्या काळात दर पंधरवड्याला पाच मिनिटांचा डेमो. पीपीटी नाही, स्लाइड नाही, प्रोग्रॅम चालवून दाखवायचा, आणि दाखवणारा दर वेळी वेगळा. चाळीस मुलांच्या वर्गात तेराचौदा टीम्स होतात. रोज सगळ्या जमणार नाहीत, एका तासाला सातच घ्या. डेमो चालू असताना दुसऱ्या टीमला बटणं दाबायला द्या. वयाच्या जागी 'अबक' टाइप करणारा वर्गमित्र हा सगळ्यात चांगला टेस्टर असतो.

एकजण गायबच झाला तर?

आजारपण, क्लास, घरची अडचण, किंवा नुसता कंटाळा. होतंच. तेव्हा त्याचा भाग उरलेल्या दोघांवर टाकू नका, प्रोजेक्ट लहान करा. जमा-बाकीचा हिशोब काढून टाका, फक्त बिल ठेवा. दोन काप नीट चालणारा प्रोजेक्ट तीन अर्धवट कापांपेक्षा चांगला. यासाठीच सुरुवातीला 'हे नसलं तरी चालेल' अशी एक यादी करून ठेवतात. आणि सरांना ऑक्टोबरात सांगा, जानेवारीत नाही. दर पंधरवड्याला प्रत्येकाने एक चिठ्ठी द्यावी, मी काय केलं, कुठे अडलंय, दुसऱ्या कुणाची मदत झाली. ती टीमसमोर वाचायची नाही. मित्राची चहाडी करायला कुणाला आवडत नाही, पण 'मी अडकलोय' लिहायला लोक तयार असतात.

एआयकडून कोड घेतला तर चालेल का?

शाळेचा नियम असेल तो पाळा. माझं मत विचाराल तर चूक शोधायला, एररचा अर्थ विचारायला जरूर वापरा. पूर्ण खाड्याचं फंक्शन लिहून घेतलंत तर ते बहुतेक वेळा चालेलही, पण काकूंचा तीन दिवसांचा नियम त्याला माहीत नाही, आणि ३१ जानेवारीची गोष्ट तुम्हालाच पकडावी लागेल. जी ओळ समजावता येत नाही ती ठेवू नका.

जाता जाता एक इशारा. काकूंच्या वहीतली खरी नावं आणि फोन नंबर गिटहबवर टाकू नका. डेमोसाठी बनावट नावं वापरा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे, आणि शाळेसाठी ॲप बनवाल तर तो डेटा बहुतेक मुलांचाच असतो. गिटबद्दल हेही लक्षात ठेवा, की एकदा पुश केलेला पासवर्ड किंवा नंबर नंतर पुसला तरी इतिहासात राहतो.

व्हायव्हात काय विचारायचं

तिघांना सरसकट सारखे मार्क दिले की वर लिहिलेलं सगळं वाया. प्रोजेक्ट चालतो का, याचे मार्क टीमला सारखे द्या. पण व्हायव्हात 'डेटाबेस म्हणजे काय' विचारू नका, ते पाठ करून येतात. दुसऱ्याच्या कापात बदल करायला सांगा. सभासदवाल्याला विचारा: काकूंनी आता तीनऐवजी चार दिवसांचा नियम केला, कुठली फाईल उघडशील? खाडावालीला: ३१ दिवसांच्या महिन्यात ३१ ने भागायचं ठरलं, तर तुझ्या फंक्शनमध्ये काही बदलेल का? इथे बरोबर उत्तर आहे, 'नाही, तो बदल बिलाच्या फाईलमध्ये, मी फक्त दिवस मोजते.' बिलवाल्याला: एक सभासद काढून टाकला तर त्याच्या जुन्या बिलांचं काय होईल?

शेवटच्या प्रश्नावर बहुतेक टीम्स एकमेकांकडे बघतात. मग दहा मिनिटं द्या, तिघांना एका कॉम्प्युटरवर बसवा आणि मागे उभं राहून ऐका. कोण बोलतंय, कोण कीबोर्डवर आहे, कोणाला टेबलांची नावं न बघता आठवतात, हे त्या दहा मिनिटांत कळतं.